वरचं पाणी

२ फेब्रुवारी

नवा पंप बसला. त्याची नोंद ठेवायला म्हणून ही वही काढली आहे, बघू किती दिवस टिकते.

आयुष्यभर लोकांच्या भिंतींवरचे मीटर वाचले, शेवटची काही वर्षं मीटर वाचणाऱ्यांवर देखरेख केली, आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर कळलं की सगळ्यात जोरात पळणारा मीटर आपल्याच घरात आहे. कारण मागच्या अंगणातला हिचा पोहण्याचा तलाव. ही शहराच्या तलावावर पोहायला शिकवायची. निवृत्तीचे पैसे हातात आले की लोक दागिने करतात, प्रवासाला जातात. हिने अंगणात खड्डा खणला. आता तिथे दुखऱ्या गुडघ्यांच्या बायका पाण्यातले व्यायाम करायला येतात. मी त्यांना गुडघा मंडळ म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

मंडळाची फी येते आणि विजेच्या बिलात जाते. गेल्या महिन्यात तर वर माझ्या पेन्शनमधून भर घालावी लागली. लेकीने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, बुजवून टाका तो. तिथे दोन खोल्या काढा आणि भाड्याने द्या." मी हिला म्हणालो, नवा पंप घेऊन मार्चअखेरपर्यंत बघू. बिल उतरलं तर तलाव राहील, नाहीतर बुजवायचा. ही म्हणाली, "बरं." हिचं "बरं" हा फार खोल शब्द आहे.

जुना पंप एकाच वेगाने धावायचा. या नव्याचा वेग कमीजास्त करता येतो, पॅनेलवर एक ते आठ आकडे आहेत. पंपवाल्याच्या तोंडाला झाकण नाही. जाता जाता म्हणाला, "काका, वेग जरा उतरवलात की वीज धडाधड उतरते. पण हावरटपणा करू नका. वरचा कचरा ओढला जाणार नाही, आणि मग मला फोन कराल."

त्याचं म्हणणं मला समजतं. तलावाच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला एक चौकोनी खिडकी आहे, तिला स्किमर म्हणतात. तिच्या तोंडाशी झुलती झडप असते. पंपाने पाणी ओढलं की झडप आत झुकते आणि वर तरंगणारी पानं, किडे, तेलाचा तवंग असं सगळं खिडकीतून आत जातं. ओढ कमी पडली तर झडप नुसती उभी राहते. पण कमी म्हणजे किती कमी, ते मी ठरवीन. पाचवर लावला आहे.

५ फेब्रुवारी

तीनवर आणला. मीटर असा शहाण्यासारखा चालायला लागला की बघत बसावं.

पण शेजाऱ्यांचं झाड आपलं सगळं वैभव आमच्या पाण्यात टाकतं. मंडळ यायच्या वेळेला वर पानांचा थर. मुख्याध्यापिका बाई (निवृत्त आहेत, पण ते त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही) पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "या पाण्यात मी मान टेकवणार नाही." बाई आयुष्यभर पाण्याला घाबरल्या. हिने त्यांना महिन्याभरात पाठीवर तरंगायला शिकवलं. त्यांच्या डोक्याखाली हिचा हात असतो, तो काढला की त्या किंचाळतात. आज त्या घरी गेल्या. त्यांच्या मागोमाग आणखी दोघी.

मी हिला म्हणालो, पाणी खालून स्वच्छ आहे, वर तेवढं दिसतं. ही म्हणाली, "माणसं वरूनच उतरतात."

६ फेब्रुवारी

परत पाचवर नेला. मीटर परत पिसाळला. जिन्याखाली त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो. पंप घ्यायचा हट्ट माझा, हिशेब माझा, आणि चार दिवसांत तोंडघशी पडायची वेळही माझीच. निवृत्त झाल्यापासून जे हातात घेतो ते असंच होतं. बागेचं तसं झालं, लेकीला स्कूटर शिकवायचं तसं झालं. ही चहा घेऊन आली, कप देताना माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तीनवरच ठेवा. थोडे दिवस जाऊ देत. पाण्याला सवय होईल."

पाण्याला सवय होते म्हणे. पण तिने सांगितलं म्हणून ठेवला.

९ फेब्रुवारी

हिचं खरं निघालं!

सकाळी उठून चहाचा कप घेऊन काठावर गेलो तर तलाव आरशासारखा. एक पान नाही, तवंग नाही. कालही असाच होता, पण मी लिहिलं नाही, म्हटलं दृष्ट लागेल. पाणी नव्या वेगाला रुळलं असणार. प्रवाहाची एक वाट बसत असेल आणि मग कचरा आपोआप त्या वाटेने जात असेल. पंपवाल्याला फोन लावला. म्हटलं, तीनवर आहे आणि पाणी बघायला ये. तो म्हणाला, "शक्य नाही काका." मी म्हटलं, शक्य काय आणि अशक्य काय ते मी मीटरवर शिकलोय. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ हसू येत होतं.

मुख्याध्यापिका बाई परत आल्या. दोघी पण आल्या.

१५ फेब्रुवारी

दोनवर. तरी पाणी लख्ख.

आणखी एक चांगली गोष्ट. ही उजाडायच्या आधीच फिरायला जायला लागली आहे. किती महिने मी मागे लागलो होतो, तेव्हा ऐकलं नाही. मला जाग येते तोवर ती परत आलेली असते, चपला दाराशी ओल्या. गवतात दव असतं. मीही जायला हवं, पण माझी झोप म्हणजे झोप.

बाईंनी आज विचारलं, "तुम्ही कधी पाण्यात दिसत नाही ते?" म्हटलं, माझे कान नाजूक आहेत. ते आहेतच. लहानपणी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी जाऊ देऊ नका म्हणून. ही तिकडे तोंड करून टॉवेलच्या घड्या घालत होती.

२१ फेब्रुवारी

हिचा उजवा खांदा धरला आहे. उशी जुनी झाली, दुसरं काय. बाजारात जाऊन नवी आणली, चांगली महागाची. ही म्हणाली, "कशाला उगाच?" म्हटलं, वीज वाचतेय ना आपली.

२८ फेब्रुवारी

बिल आलं. जिन्यातच उभं राहून वाचलं, दोनदा. मग हिला हाका मारत आत गेलो. इतकं उतरेल असं मलाही वाटलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीला कळवलं, ती म्हणाली, "बाबा, खरंच कमाल केलीत." बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं.

ही पण मनापासून हसली. हल्ली डाव्या हाताने चहा पिते. मी विचारलं तर म्हणाली, मेंदूला व्यायाम होतो म्हणून कुठेसं वाचलं. करून बघितलं, माझा शर्टावर सांडला.

६ मार्च

दोन दिवस वारा सुटलाय. झाड पार बोडकं व्हायला आलं, गल्लीभर पानं, आमच्या व्हरांड्यात पानं. आणि तलावात? एकही नाही. पंपवाला इकडच्या कामाला आला होता, मुद्दाम हात धरून काठावर नेला. बराच वेळ बघत राहिला. वाकून त्या झडपेकडे बघितलं, ती हलतसुद्धा नव्हती. "मग जातात कुठे पानं?" म्हणाला. मी म्हटलं, ते तू शोध. तेवढ्यात हिने त्याला चहाला आत बोलावलं.

ठरवलंय, आता एकवर आणायचा. हिला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच विचारलं, "आणखी खाली?" म्हटलं, मार्चच्या बिलावर ठरायचंय सगळं, तुझ्यासाठीच चाललंय ना. ती म्हणाली, "बरं."

तलाव साफ करायच्या जाळीचा लांब दांडा रोज वेगळ्याच भिंतीला टेकलेला दिसतो. मांजर असेल.

१० मार्च

बाई जाताना फाटकाशी थांबल्या. म्हणाल्या, "तुमची बायको फार करते हो तुमच्यासाठी." मी म्हटलं, मीही करतोच की. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की वर्गाबाहेर उभा आहे असं वाटलं.

१२ मार्च

वाईट दिवस. पण लिहायचा ठरवलाय तर लिहितो.

बाई पाठीवर तरंगत होत्या, डोक्याखाली हिचा हात. मी काठावर खुर्चीत होतो. एकदम हिचा हात सुटला. तिने सोडला नाही, तो गळून पडला, मी बघितलं. बाईंचं डोकं पाण्याखाली गेलं, त्या घाबरून हिच्याच गळ्यात पडल्या आणि दोघी खाली. पाणी छातीएवढंच आहे, हे मला माहीत आहे. उभं राहिलं तर काही होत नाही हेही माहीत आहे. आणि तरी मी काठावर उभा राहिलो. पाय उचलेना. मग जाळीचा दांडा घेऊन धावलो, दांडा ओला होता, हातातून निसटला. तोवर हिने डाव्या हाताने बाईंना वर काढलं होतं.

बाई खोकत खोकत पायरीवर बसल्या. ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "चुकलं माझं, चुकलं माझं" म्हणत होती. ती असं कधी म्हणत नाही.

मी काय केलं? काही नाही. कान नाजूक आहेत.

१३ मार्च

डॉक्टरांनी हिचा हात वर करायला लावला. खांद्यापर्यंतही गेला नाही. "कधीपासून दुखतोय? हा असा ओढायचा, उचलायचा काही प्रकार रोज करता का तुम्ही?" हिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "पोहणं, दुसरं काय." डॉक्टर म्हणाले, पोहण्याने नाही होत हे. हात गळ्यात बांधून दिला. आता उचलायचं काही नाही, शिकवायचं नाही. नीट सांभाळला नाही तर तो खांदा पूर्वीसारखा कधीच वर जाणार नाही, असं स्पष्ट बोलले.

म्हणजे बिल उतरून तलाव राहणार आणि त्यात शिकवणारी नाही. घरी येताना रिक्षात ही बांधलेला हात धरून बाहेर बघत होती.

१४ मार्च

आज हिला उठू दिलं नाही. फिरायलाही नको म्हटलं. ती ऐकत नव्हती, "थोडं जाऊन येते" करत दोनदा उठली. शेवटी दार लावून घेतलं.

मग चहा घेऊन काठावर गेलो. पाणी दिसत नव्हतं. पानं, काड्या, मेलेले किडे, वर तेलाचा सप्तरंगी तवंग. एवढ्या दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं. पंप बिघडला. नेमका आत्ताच बिघडायचा होता. पंपवाल्याला फोन केला, म्हटलं लगेच ये.

संध्याकाळ

पंप बिघडलेला नाही.

१५ मार्च

काल पुढे लिहवेना.

पंपवाल्याने सगळं उघडून बघितलं. "एकवर आहे काका, एकवर हा असाच चालणार. एकवर आणलात त्या दिवसापासून असाच चालतोय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट. तो गेल्यावर जाळी शोधत अंगणाच्या कोपऱ्यात गेलो. भिंतीमागे पोत्यांची रांग होती, पानांनी भरलेली. ओल्या पानांची, तळाची काळी पडलेली, वरची अजून हिरवी. तिथेच बसलो.

ओल्या चपला. डाव्या हाताने चहा. उशी. मांजर. आमच्याकडे मांजर येतसुद्धा नाही.

मीटर मी वाचत होतो आणि पंपाचं काम ही करत होती.

१६ मार्च

विचारलं. "कधीपासून?"

"तुम्ही जिन्याखाली स्टूलावर बसला होतात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"रोज?"

"पानं रोज पडतात."

"अगं, मग सांगायचं नाहीस? बोलली असतीस तर..."

"तर तुम्ही वेग वाढवला असता. मग बिल वाढलं असतं. मग तलाव बुजवला असता. मार्चअखेर कोणी म्हटलं होतं, मी?"

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली. मग ती जरा नरमाईने म्हणाली, "आणि तुम्ही सकाळी कप घेऊन काठावर उभे राहायचात, फोनवर त्याला सुनवायचात. मी खिडकीतून बघायची. कचेरी सुटल्यापासून तुमचं असं तोंड बघितलं नव्हतं. म्हटलं, खांद्याचं काय, होईल बरा."

मला रडू आलं. लिहायला लाज कसली, वही माझीच आहे. म्हटलं, तलाव बुजवायचा नाही. बिल काही येवो, मार्च संपो नाहीतर वर्ष संपो. ती म्हणाली, "आता कोण शिकवणार आहे तिथे?" आणि कुशीवर वळली. या वेळी "बरं" नव्हतं.

१९ मार्च

जाळी मी हातात घेतली. थोड्याच वेळात दंड भरून आले. दांडा लांब करून, खांद्यावरून फेकून, पाण्याच्या ओझ्यासकट ओढायचा. हे ती रोज करत होती, मी घोरत असताना.

२२ मार्च

हिला काठावर खुर्चीत बसवलं, गळ्यात हात बांधलेली. मी पानं टाकत होतो आणि ती कुठे जातात ते आम्ही बघत होतो. मग ही बोलायला लागली. तिला या पाण्याचं सगळं माहीत आहे, मी कधी विचारलंच नव्हतं. तिला पाणी माहीत आणि मला वीज, पण दोन्ही एका जागी कधी बसलं नाही.

ती म्हणाली, पाणी फार भरलंय, झडपेच्या डोक्यावरून जातंय. खिडकीच्या निम्म्यापर्यंत उतरवलं. मग म्हणाली, पाणी परत येतं ती तोंडं जरा वळवा, पाणी गोल फिरू दे, म्हणजे झाडाखालची पानं खिडकीकडे येतील. पोटावर पालथा पडून, बाही कोपरापर्यंत भिजवून ती तोंडं वळवली. "आणखी थोडं. अहो, ते डावीकडे झालं." नवं लग्न झालं तेव्हा पंखा बसवतानाही ती असंच म्हणाली होती.

वेगाचं मी बघितलं. पहाटे, रात्रीची पानं पडून झाल्यावर, थोडा वेळ सहावर. मंडळाची वेळ संपली की परत थोडा वेळ, तवंगासाठी. बाकी दिवसभर दोनवर, गाळण्यापुरता. टायमर लावून ठेवला.

२४ मार्च

पहाटे पंपाचा आवाज चढला तेव्हा मला जाग आली. ही आधीच जागी होती, उठून बसलेली. म्हटलं, झोप, तो करतोय. तिने जरा वेळ ऐकलं आणि आडवी झाली. सकाळी पाण्यावर दोनचार पानं होती. मला ती चालली.

१ एप्रिल

बिल आलं. फेब्रुवारीच्या बिलाहून वाढलंय, जुन्या पंपाच्या बिलापेक्षा बरंच खाली आहे. लेकीला सांगितलं, खोल्या होणार नाहीत. आणि फेब्रुवारीतली कमाल माझी नव्हती, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आईला फोन द्या." दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं नाही.

९ एप्रिल

हाताचं बांधलेलं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता हलवायला लागा, आणि पाण्यात हलवलात तर उत्तम. पाठीवर तरंगायचं, हात पाण्यावर सैल सोडायचा, हळूहळू वर न्यायचा. पण आधाराला कोणीतरी हवं, एकटीने नको. मुख्याध्यापिका बाई सोबत आल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आहेत ना."

घरी आल्यावर मी कानांचं काढलं. हिने माझ्यासाठी एक टॉवेल काढून ठेवला.

११ एप्रिल

उजाडता उजाडता, पंप सहावर असतानाच, कानात कापूस घालून काठावर गेलो. ही आधीच पाण्यात उभी होती. म्हणाली, "कापूस काढा. तुमचे कान ठणठणीत आहेत, मला लग्न झाल्यापासून माहीत आहे." इतकी वर्षं. कधी चारचौघात बोलली नाही, कधी चिडवलंही नाही.

कापूस काढला. उतरलो. प्रत्येक पायरीवर कठडा सोडवत नव्हता. ती समोर उभी राहून नुसतं "हं, हं" म्हणत होती, गुडघा मंडळाला म्हणते तसंच. पाणी छातीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. वर आलं नाही. तिने सांगितलं तसा मी हात पुढे केला, पंजा वर, आणि ती मागे कलली. तिचं डोकं माझ्या तळहातावर आलं. फार हलकं होतं.

"सोडू नका."

"नाही."

तिने डोळे मिटले. उजवा हात पाण्यावर ठेवला आणि हळूहळू वर न्यायला लागली. मध्ये कुठेतरी चेहरा आवळला, थांबली, परत नेला. मी हललो नाही. एवढे दिवस मी हे पाणी वरून बघत होतो. इथून, हनुवटीच्या पातळीवरून, ते वेगळंच दिसतं. झाडाखालून एक पान निघालं होतं. आमच्या बाजूने आलं, तिच्या केसांना लागून जरा थबकलं, पुढे सरकलं.

"पान आहे का?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"आहे एक. जातंय."

ते वळण घेऊन खिडकीपाशी गेलं. झडप झुकली, पान आत गेलं, झडप परत उभी राहिली.

"गेलं?"

"गेलं," मी म्हणालो. हात तसाच धरून ठेवला.